नेतृत्वगुणांची मशागत

नेता जन्मावा लागतो, तो घडविता येत नाही, असा समज आपल्या ग्रामीण भागात अद्यापही पुष्कळ ठिकाणी आढळतो. वाड्याचे वारस, वतनदारांचे वंशज, किंवा ज्यांच्या शब्दाला पिढ्यान्‌पिढ्या वजन आहे अशी घराणी, यांच्याकडेच गावाचे पुढारपण जावे, ही त्या समजाची दुसरी बाजू होय. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने या समजाला कायद्याच्या पातळीवर छेद दिला. २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आलेल्या या दुरुस्तीने पंचायत संस्थांना घटनात्मक स्थान प्राप्त करून दिले आणि अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व स्त्रिया यांच्यासाठी जागा राखून ठेवल्या. महाराष्ट्राने २०११ साली स्त्रियांच्या जागांचे प्रमाण निम्म्यावर नेले. राज्यातील सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींमध्ये आज असे कितीतरी सदस्य व सरपंच आहेत, की ज्यांच्या घरातील कोणी यापूर्वी चारचौघांच्या सभेत उभे राहून बोललेलेही नव्हते.

कायद्याने पद मिळते. पदास लागणारे गुण मात्र कायद्यात लिहून देता येत नाहीत. ते कोठून यावेत, हा आजच्या ग्रामीण कारभारापुढील खरा प्रश्न आहे. धैर्य, चारित्र्य, निर्णयशक्ती, वक्तृत्व अशी गुणांची नामावळी अनेक पुस्तकांतून दिलेली असते. ती खोटी नाही. परंतु ती वाचून कोणी धैर्यवान झाल्याचे ऐकिवात नाही. त्यापेक्षा ज्या व्यक्तीने हे गुण स्वतःच्या ठिकाणी क्रमाक्रमाने रुजविले, तिचे जीवन अभ्यासणे अधिक उपयुक्त ठरते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अग्रणी स्वामी रामानंद तीर्थ यांचे जीवन या दृष्टीने फार बोलके आहे. त्यांच्यापाशी धन नव्हते, जहागीर नव्हती, फौज तर नव्हतीच. ते एका खेड्यातील शाळेचे शिक्षक होते.

हैदराबाद संस्थानची परिस्थिती

स्वामीजींच्या कार्याचे मोल कळण्यासाठी त्या काळच्या हैदराबाद संस्थानची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे हे संस्थान क्षेत्रफळाने व लोकसंख्येने भारतातील अग्रगण्य संस्थानांपैकी होते. १९४१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १ कोटी ६० लाखांहून अधिक होती. एकूण १६ जिल्ह्यांपैकी ८ तेलुगू भाषेचे, ५ मराठी भाषेचे व ३ कन्नड भाषेचे. दरबाराची व न्यायालयाची भाषा उर्दू, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणाचे माध्यमही उर्दूच. प्रजेला जबाबदार असे शासन नव्हते. सार्वजनिक सभा भरविण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागत असे. ज्या परिपत्रकाने ही अट घातली होती ते 'गश्ती निशान ५३' या नावाने सर्वत्र कुप्रसिद्ध होते.

अशा परिस्थितीत राजकीय नेतृत्व उघडपणे उभे राहणे अशक्यप्राय होते. म्हणून जाणत्या मंडळींनी प्रथम शाळा काढल्या, वाचनालये काढली. पुढे हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले केशवराव कोरटकर हे अशांपैकी एक होत. १९०७ साली हैदराबाद शहरात सुरू झालेली विवेकवर्धिनी पाठशाळा त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या परिश्रमाचे फळ होय. मराठी मुलाला मराठीतून शिकता यावे, इतकीच त्यामागील दृश्य अपेक्षा होती. परंतु शाळा चालवायची म्हणजे वर्गणी गोळा करणे, तिचा हिशेब ठेवणे, अधिकाऱ्यांची मर्जी सांभाळूनही आपला हेतू न सोडणे, आणि मतभेद असलेल्या दहा माणसांना एका बैठकीत बसविणे, हे सारे ओघाने आलेच. लोकांच्या नेतृत्वाची पहिली तालीम संस्थानात अशा शाळांच्या कार्यकारी मंडळांतून झाली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

शिक्षकाची खुर्ची

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी आजच्या कर्नाटकातील सिंदगी येथे झाला. सोलापूर, अमळनेर व पुणे येथे त्यांचे शिक्षण झाले. असहकाराच्या वातावरणात वाढलेल्या त्या पिढीप्रमाणे त्यांनीही राष्ट्रीय शिक्षणाची वाट धरली. त्यानंतर कामगार चळवळीचे ज्येष्ठ नेते ना. म. जोशी यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी काही काळ काम केले. मुंबई व दिल्लीच्या सार्वजनिक जीवनात राहण्याची संधी त्यांना उपलब्ध होती. ती सोडून ते १९२० च्या दशकाच्या अखेरीस हिप्परगा येथे आले.

आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हे लहानसे गाव. तेथे व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनी १९२१ साली राष्ट्रीय शाळा स्थापन केली होती. या शाळेचे मुख्याध्यापकपद खेडगीकरांनी स्वीकारले आणि याच काळात, वयाची तिशी ओलांडण्यापूर्वी, संन्यासाश्रमात प्रवेश करून ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेऊन ते अरण्यात गेले नाहीत, वर्गातच राहिले. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात आले. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांच्याबरोबर होते. १९३८ पर्यंत, म्हणजे वयाच्या पस्तिशीपर्यंत, त्यांची ओळख शिक्षक हीच होती.

या वर्षांकडे चरित्रग्रंथांतून पुष्कळदा पूर्वतयारी म्हणून पाहिले जाते आणि लेखणी लवकर सत्याग्रहाकडे वळते. वस्तुतः नेतृत्वगुणांच्या अभ्यासकाने येथेच थांबावयास हवे. वर्ग चालविणारा मनुष्य रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी असतो. तो आला नाही तर चाळीस मुले तशीच बसून राहतात, आणि हे सबंध गावाला दिसते. ज्या मुलाला गणित येत नाही त्याच्यावर ओरडून ते येत नाही, हे त्याला आठवडाभरातच उमगते. कोणत्या मुलाला पुढे बोलवावे, कोणाला एकट्याने समजवावे, हे तो माणसे पाहून शिकतो. वेळ पाळणे, धीर धरणे आणि समोरच्या माणसाची कुवत ओळखणे, हे तीन गुण शिक्षकाच्या खुर्चीवर बसून अंगी न बाणले तर दुसरीकडे बाणणे कठीण. भाषण करण्याची कला त्यानंतरची.

शिवाय शिक्षकापाशी विद्यार्थी तयार होतात. हिप्परगा व अंबाजोगाई येथील मंडळींतून पुढे मुक्तिसंग्रामाचे कितीतरी कार्यकर्ते मिळाले. स्वामीजी राजकारणात उतरले तेव्हा त्यांच्या पाठीशी जी माणसे उभी राहिली, ती सभेतील टाळ्यांनी जमविलेली नव्हती.

माघारीची शिस्त

१९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. तेलुगू भागात आंध्र महासभा आणि कन्नड भागात कर्नाटक परिषद अशाच प्रकारे काम करीत होत्या. या तिन्ही प्रवाहांना एकत्र आणणारी हैदराबाद स्टेट काँग्रेस १९३८ साली स्थापन होऊ घातली, तोच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. संघटनेची रीतसर घटना होण्यापूर्वीच ती बेकायदा ठरावी, हा प्रकार विरळाच म्हणावा लागेल. ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. स्वामीजींनी अंबाजोगाईची शाळा सोडून हैदराबाद गाठले होतेच. सत्याग्रहींची एक तुकडी घेऊन त्यांनी कारावास पत्करला.

दोनच महिन्यांत, डिसेंबर १९३८ मध्ये, गांधीजींच्या सल्ल्यानुसार हा सत्याग्रह स्थगित करण्यात आला. आर्य समाज व हिंदू महासभा यांचे स्वतंत्र सत्याग्रह त्याच वेळी संस्थानात सुरू होते. जबाबदार राज्यपद्धतीसाठी चाललेल्या लढ्यास त्यामुळे जातीय रंग येण्याचा धोका होता. तुरुंगात असलेल्या तरुण कार्यकर्त्यांना हा निर्णय सहजासहजी पचला नसणार. ऐन भरात आलेली चळवळ थांबविणे हे कोणत्याही पुढाऱ्याला अवघड असते, कारण लोक त्याला भित्रा म्हणतील ही भीती त्याला सतावते. परंतु स्टेट काँग्रेसने निर्णय पाळला.

त्यापुढील काळ अधिक कसोटीचा होता. स्टेट काँग्रेसवरील बंदी १९४६ पर्यंत उठली नाही. सुमारे आठ वर्षे या संघटनेला स्वतःच्या नावाने सभा घेता येत नव्हती की फलक लावता येत नव्हता. या काळात काम चालू राहिले ते महाराष्ट्र परिषद, आंध्र महासभा व कर्नाटक परिषद यांच्या द्वारे. खादी, साक्षरता, वाचनालये, शेतकऱ्यांची गाऱ्हाणी अशा मार्गांनी. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात आणि पुन्हा १९४२ च्या आंदोलनात स्वामीजींना कारावास घडला. ते बाहेर असत तेव्हा संस्थानभर फिरत. आत असत तेव्हा काम दुसरे कोणीतरी पाहत असे.

ज्याचे नाव कोठेही छापले जाणार नाही असे काम आठ वर्षे करीत राहणे, हे सभेत सिंहगर्जना करण्याहून कठीण आहे. आजच्या काळात, जेव्हा एखाद्या हातपंपाच्या उद्‌घाटनालाही फलक लागतो आणि त्यावर कोणाचे छायाचित्र केवढे असावे यावरून गावात अबोला धरला जातो, तेव्हा या आठ वर्षांचा अभ्यास विशेष उद्‌बोधक ठरावा.

येथेच भाषेचा उल्लेख करावयास हवा. तीन भाषांच्या प्रजेची आणि चौथ्या भाषेतील दरबाराची ही चळवळ होती. कन्नड मुलखात जन्मून मराठी शाळेत शिकविणाऱ्या स्वामीजींना तेलुगू कार्यकर्त्यांचाही विश्वास संपादन करावा लागला. त्यांना गुरुस्थानी मानणाऱ्यांत पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव हे तेलुगू तरुण होते. उस्मानिया विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून १९३८ मध्ये 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि ज्यांना नंतर नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले, त्यांपैकी ते एक. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी पुढे तेलुगूत नेली. १९९१ मध्ये ते देशाचे पंतप्रधान झाले व २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले. शेजारच्या माणसाची भाषा शिकणे हा नेतृत्वाचा गुण म्हणून फारसा कोठे सांगितला जात नाही. सीमावर्ती जिल्ह्यांत, जेथे एकाच बाजारात तीन भाषा बोलल्या जातात, तेथे तो पहिल्या क्रमांकाचा गुण समजावयास प्रत्यवाय नसावा.

धैर्य आणि त्याची मर्यादा

बंदी उठल्यानंतर १९४६ साली स्टेट काँग्रेसच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. नेमस्त विचारांच्या गटाचे उमेदवार बुरगुल रामकृष्ण राव यांच्यापेक्षा स्वामीजींना थोडी अधिक मते पडली आणि ते अध्यक्ष झाले. मताधिक्य अल्प होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. संघटनेतील जवळजवळ निम्मी माणसे आपल्या बाजूची नाहीत, हे ओळखून त्यांना पुढील लढा चालवावयाचा होता.

जून १९४७ मध्ये मुशीराबाद येथे स्टेट काँग्रेसचे अधिवेशन भरले. संस्थान भारतीय संघराज्यात सामील झालेच पाहिजे, या मागणीसाठी ७ ऑगस्ट १९४७ हा दिवस संस्थानभर पाळण्यात आला. देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी, १५ ऑगस्ट रोजी, हैदराबादेत स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरच्या अखेरीस जैसे थे करार झाला तेव्हा त्यांची मुक्तता झाली, आणि जानेवारी १९४८ मध्ये ते पुन्हा तुरुंगात गेले. त्यानंतरचे महिने संस्थानातील प्रजेसाठी अतिशय कठीण होते. कासिम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव दहशत माजविली. संस्थान भारतात विलीन व्हावे असे आपल्या 'इमरोज' या उर्दू पत्रातून निर्भयपणे लिहिणारे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबाद शहरात हत्या झाली. त्यांच्यापाशी कोणतेही पद नव्हते, संघटनाही नव्हती. आपल्याच समाजातील प्रबळ मताविरुद्ध लिहिण्यास जे धैर्य लागते ते शत्रूशी लढण्याच्या धैर्याहून वेगळे असते. मुक्तिसंग्रामाच्या वर्णनांत शोएबुल्लांना यापेक्षा अधिक जागा मिळावयास हवी होती.

या काळात स्वामीजी गजाआड होते. तरीही लढा थांबला नाही. दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ व त्यांचे सहकारी यांच्या कृतिसमितीने संस्थानच्या सीमेबाहेर शिबिरे उघडून तो चालू ठेवला. नरसिंह राव हे अशाच चांदा येथील शिबिरात काम करीत होते. अध्यक्ष तुरुंगात असतानाही निर्णय घेतले जात होते, निरोप पोहोचत होते, निर्वासितांची सोय लावली जात होती. आपल्या गैरहजेरीत काम चालेल अशी माणसे पुढाऱ्याने वेळेवर उभी केली होती, याचा हा पुरावा होय.

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या पोलीस कारवाईनंतर संस्थान मुक्त झाले आणि स्वामीजीही सुटले. विजयाच्या या क्षणी काही जिल्ह्यांत मुस्लिम रहिवाशांवर गंभीर अत्याचार झाले, हेही इतिहासाने नोंदविले आहे. केंद्र सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्यांची पाहणी केली. अन्यायाविरुद्ध जमाव उभा करता येतो. सूडासाठी निघालेला जमाव आवरणे त्याहून अवघड आहे, आणि ते प्रत्येक गावी साधले नाही. जेथे साधले तेथे ते गावातल्याच चार समजूतदार माणसांमुळे साधले. ही माणसे ऐन वेळी अचानक निर्माण होत नाहीत. ज्यांचा शब्द दोन्ही आळ्यांत आधीपासून मानला जात होता, अशांचेच त्या रात्री ऐकले जाऊ शकत होते.

पद आणि काम

मुक्तीनंतर स्वामीजींना सत्तेचे पद सहज मिळू शकले असते, असे कोणालाही वाटेल. १९५२ साली हैदराबाद राज्यात पहिले लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. त्याचे मुख्यमंत्री झाले बुरगुल रामकृष्ण राव. अवघ्या सहा वर्षांपूर्वी ज्यांचा अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पराभव झाला होता, तेच हे गृहस्थ. स्वामीजी १९५२ मध्ये गुलबर्गा येथून व १९५७ मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथून लोकसभेवर निवडून गेले. परंतु मंत्रिपद त्यांनी कधीही भूषविले नाही. जमीनसुधारणा आणि राज्याची भाषावार पुनर्रचना या दोन प्रश्नांचा पाठपुरावा त्यांनी आपले कार्य मानले.

यांपैकी दुसरा प्रश्न नेतृत्वाच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारा आहे. हैदराबाद राज्य हे स्वामीजींच्या सार्वजनिक जीवनाचे क्षेत्र होते. त्या राज्याची काँग्रेस त्यांनी उभी केली, त्या राज्यासाठी ते तुरुंगात गेले. आणि तेच राज्य मोडावे, तेलुगू जिल्हे आंध्राकडे, कन्नड जिल्हे कर्नाटकाकडे व मराठी जिल्हे महाराष्ट्राकडे जावेत, असा आग्रह त्यांनी धरला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अंमलात आली, मराठवाडा त्या वेळच्या द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, आणि ज्या प्रदेशाचे ते निर्विवाद पुढारी होते तो राजकीय नकाशावरून नाहीसा झाला. आपले आसन जेथे आहे ती भूमीच वाटून टाका, असे सांगणारा नेता क्वचितच आढळतो. लोकांना त्यांच्या भाषेत शासन मिळावे, हे त्यांना आपल्या स्थानापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटले असले पाहिजे.

त्यांचे सर्वच सहकारी त्यांच्याबरोबर राहिले असे मात्र नाही. गोविंदभाई श्रॉफ व डाव्या विचारांचे काही कार्यकर्ते १९५० च्या सुमारास काँग्रेसमधून बाहेर पडले. गोविंदभाईंनीही आयुष्यभर सत्तापदाचा मोह धरला नाही. मराठवाड्याच्या विकासाचा प्रश्न व सरस्वती भुवन ही शिक्षणसंस्था यांना त्यांनी आपली वर्षे दिली, आणि १९९२ मध्ये त्यांचा पद्मविभूषण देऊन गौरव झाला. गुरूपासून मतभेदाने दूर झालेला शिष्य गुरूचाच निःस्पृहपणा घेऊन जातो, हे येथे दिसते. ज्या पुढाऱ्याचे सर्व अनुयायी अखेरपर्यंत माना डोलावीत असतात, त्याने त्यांना विचार करावयास शिकविले होते की नाही, याबद्दल शंका घेण्यास जागा राहते.

स्वामीजींचे देहावसान २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे झाले. शहराच्या बेगमपेठ भागात त्यांचे स्मारक आहे. नांदेड येथे १९९४ साली स्थापन झालेल्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले आहे.

पोचमपल्लीचा प्रश्न

हैदराबादच्याच परिसरात घडलेला आणखी एक प्रसंग येथे विचारात घेण्याजोगा आहे. एप्रिल १९५१ मध्ये आचार्य विनोबा भावे पवनारहून पायी चालत हैदराबादजवळील शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलनासाठी आले. संमेलनानंतर त्यांनी तेलंगणात पदयात्रा सुरू केली. जमिनीच्या प्रश्नावरून त्या भागात रक्तपात झालेला होता. १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली या गावी दलित वस्तीतील लोकांनी आपल्या ४० कुटुंबांसाठी ८० एकर जमिनीची मागणी त्यांच्यापुढे मांडली. सरकारकडे हा प्रश्न नेण्याचे विनोबांनी मान्य केले. परंतु तेवढ्यावर न थांबता त्यांनी जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारले, की सरकारची जमीन मिळण्यास वेळ लागेल, तोपर्यंत गावाला स्वतः काही करता येईल काय? तेव्हा वेदिरे रामचंद्र रेड्डी हे जमीनदार उभे राहिले आणि त्यांनी १०० एकर जमीन देऊ केली. भूदान चळवळीचा उगम हा असा.

या प्रसंगाची थोरवी बहुधा दानाच्या अंगाने सांगितली जाते. नेतृत्वाच्या दृष्टीने मात्र त्यातील प्रश्न महत्त्वाचा आहे. विनोबांनी आदेश दिला नाही, कोणाकडे बोटही दाखविले नाही. त्यांनी गाऱ्हाणे गावासमोर ऐकून घेतले आणि उत्तर शोधण्याचे काम गावाकडे सोपविले. अर्थात या चळवळीची दुसरी बाजूही लपवू नये. देशभर भूदानात मिळालेल्या जमिनीपैकी पुष्कळ जमीन पडीक निघाली, आणि पुष्कळ जमिनीचे वाटपच वर्षानुवर्षे झाले नाही. भावनेच्या भरात मिळालेल्या शब्दाचा मागोवा घेणारी, मोजणी करून सात-बारावर नाव चढविणारी माणसे पुरेशी नव्हती. सभेत हात वर झाले म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्या प्रत्येक गावपुढाऱ्याने हा भाग दोनदा वाचावा.

आजच्या सरपंचापुढे

आता वर्तमानाकडे वळू. ग्रामसभेची गणपूर्ती महाराष्ट्रात गावच्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती मानली जाते. ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीचे बंधन नसते. परिणामी कित्येक गावांत पहिली सभा केवळ कागदोपत्री होते, दुसरीत पंधरावीस माणसे जमतात आणि वर्षाचा आराखडा मंजूर होतो. कायद्याच्या दृष्टीने यात काही वावगे नाही. पण ज्या सरपंचाला गावातील शंभर माणसे सभेस आणता येत नाहीत, त्याने दुष्काळात, साथीत किंवा दंग्याच्या वेळी गाव आपले ऐकेल अशी आशा कशाच्या बळावर धरावी? शंभर माणसे सभेस येणे हे दवंडीवर अवलंबून नसते. मागील सभेत ठरलेल्यापैकी काय झाले आणि काय राहिले, हे प्रत्येक सभेच्या आरंभी उभे राहून सांगण्याची सवय सरपंचाने लावून घेतली, की सभेस येण्यात लोकांना अर्थ वाटू लागतो. जे राहिले ते सांगताना जीभ अडखळते. ती अडखळ दोनतीन सभांनंतर जाते.

हिशेबाचेही तसेच. रोकडवही आणि आकारणीचा नमुना ८ हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याचे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाचे, कागद आहेत असे समजून जो सरपंच दाखविलेल्या जागी सही करतो, तो हळूहळू दुसऱ्याच्या मर्जीचा होतो. महिन्यातून एक दुपार या दोन वह्यांसाठी राखून ठेवली तर वर्षभरात कोणालाही त्या वाचता येतात. अल्पशिक्षित सरपंचाने यात संकोच मानण्याचे कारण नाही. गावातील शिक्षकाने किंवा घरातील शिकत्या मुलीने त्यास साहाय्य करावे.

महिला सरपंचांच्या बाबतीत एक वेगळीच अडचण उभी राहते. 'सरपंचपती' हा शब्द कोणत्याही कायद्यात नाही, बोलण्यात मात्र तो रूढ झाला आहे. पती खुर्चीवर आणि निवडून आलेली पत्नी दाराशी, हे दृश्य पाहून हसणारे अधिकारीही पुष्कळदा सोयीसाठी पतीलाच दूरध्वनी करतात. येथे सरपंचबाईंना नेतृत्वगुणांचा उपदेश करण्यापूर्वी कार्यालयाने आपली सवय बदलणे इष्ट होय. बैठकीचे पत्र त्यांच्या नावे जावे, प्रश्न त्यांना विचारला जावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. पहिल्या दोन बैठकांत उत्तर उशिरा येईल. ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेण्याची जी तरतूद आहे, तिचा येथे फार उपयोग होतो. कारण चारशे पुरुषांपुढे जी बोलत नाही ती चाळीस स्त्रियांपुढे मोकळेपणाने बोलते, आणि एकदा आवाज मोकळा झाला की पुढच्या सभेत तो दबत नाही.

शिक्षकांचा वाटा याहूनही मोठा ठरू शकेल. शाळेतील विद्यार्थी मंत्रिमंडळ बहुधा एकदा निवडले जाते आणि वर्षभर तीच चार चुणचुणीत मुले पुढे असतात. त्याऐवजी सफाई, पाणी, वाचनालय यांची जबाबदारी दर महिन्याला वेगळ्या मुलाकडे द्यावी आणि सुटणाऱ्याने येणाऱ्यास काम समजावून द्यावे. पोषण आहाराच्या धान्याचे माप नोंदविणे हे सहावीच्या मुलीस सहज जमणारे काम आहे. मागच्या बाकावरचा अबोल मुलगा या कामात पुढच्या बाकावरच्यापेक्षा चोख निघतो, असा अनुभव अनेक शाळांत येतो.

नवनिर्वाचित सदस्यांसाठी पुण्याची यशदा ही संस्था व तिच्याशी संलग्न केंद्रे प्रशिक्षणवर्ग घेतात. १९५८ मध्ये मसुरी येथे सुरू झालेली आणि पुढे हैदराबादजवळ राजेंद्रनगर येथे स्थिरावलेली राष्ट्रीय ग्रामीण विकास व पंचायती राज संस्था देशभरातील प्रशिक्षकांना मार्गदर्शन करते. अशा वर्गास जाणाऱ्या सरपंचाने आणखी एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. गावाबाहेर असताना त्याने कामांसाठी गावी दूरध्वनी करू नये. परत आल्यावर, त्या चारपाच दिवसांत पाणी वेळेवर सुटले काय, दाखले मिळाले काय, दिवाबत्तीची तक्रार कोणी नोंदवून घेतली काय, हे तपासावे व जे जे अडले त्याची यादी करावी. प्रत्येक अडलेल्या कामापुढे, ते यापुढे कोण पाहणार त्या सदस्याचे किंवा कर्मचाऱ्याचे नाव लिहावे. ही यादी करताना उपसरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांनाही बरोबर बसवून घ्यावे, आणि ती मासिक सभेपुढे ठेवावी.